कोऱ्या बाजूचा आवाज

“पेवात माणूस उतरला ना बाई, की वरच्यानं तोंडापासून हलू नाई. हाक देत राहावं. खालून ‘हाव’ आलं पाहिजे. अन् हाव नाई आलं, तर…”

सासूबाई पुढचं कधीच बोलायच्या नाहीत. सूप ओढून घ्यायच्या आणि पाखडत बसायच्या.

माझ्या आत्या सत्यभामाबाई नव्या नवरी होत्या तेव्हाचे हे शब्द. त्यांना ते शेवटपर्यंत जसेच्या तसे आठवायचे. हाव म्हणजे तिकडच्या बोलीत हो.

आता सांगते ते त्यांच्याच घरी घडलं. उडत उडत आलेलं नाही, रचलेलं नाही. आत्यांनी मला ते बालाजीच्या देवळात, पायरीवर बसून सांगितलं. त्या पायरीवर बसून खोटं बोलणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पहाटे तुळशीला पाणी, मग दिवा, मग पोथीचा अध्याय, आणि मगच स्वतःच्या तोंडात घोट. अंगात ताप असला तरी नेम चुकला नाही.

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं आपण धरून चालतो.

ही भर दुपारची आहे.

महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. देऊळगाव राजापासून दीडेक कोसावरचं गाव. वैशाखातला शुक्रवार. अंगणात ऊन असं पडलेलं की कुत्रंसुद्धा दिसेना.

आत्यांचा धाकटा दीर शेषराव गिटार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून, लोखंडी कांडी फिरवून वाजवतात ना, ती. बुलढाण्याला कॉलेजात असताना हा नाद लागला होता. सासूबाई गेल्या तेव्हा तो लहान पोर होता, आत्यांनीच त्याला वाढवलं. म्हणायचा वहिनी, पण भूक लागली की चुलीपाशी येऊन आईचा ओढावा तसा पदर ओढायचा. आत्यांना स्वतःचं लेकरू नव्हतं. जे काय होतं ते हा.

जालन्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्याला वाजवलेलं टेप करून मागितलं होतं. आवडलं तर घेणार होते. शेषराव हरखून गेला होता.

टेप होती बद्रुद्दीनची. देऊळगावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, लग्नाकार्याला भोंगे भाड्यानं द्यायचा. शेषरावचा जिवलग. बोलायला असा की हसवून पोट दुखवायचा. त्याची ती मोठ्या चकत्यांची टेप एका वेळी दोन आवाज वेगवेगळे घ्यायची. एक डावीकडे, एक उजवीकडे.

बद्रुद्दीननं आत्यांना समजावून सांगितलं. गिटारच्या तारेखाली लोहचुंबकाची पट्टी असते, तिच्यातून वायर निघते. त्या वायरला दोन फाटे फोडायचे. एक फाटा सरळ टेपमध्ये. तो कोरा आवाज. दुसरा फाटा भोंग्याला. भोंगा एखाद्या घुमणाऱ्या जागी वाजवायचा, समोर माईक टांगायचा, आणि तो घुमारा टेपच्या दुसऱ्या बाजूला घ्यायचा. मग कोरं किती आणि घुमलेलं किती, ते मागाहून सावकाश ठरवता येतं.

“एकातच घेतलं तं काय बिघडलं?” आत्यांनी विचारलं.

“भाभी, भाजीत मीठ पडल्यावर काढता येते का? म्हणून मीठ बाजूले ठेवायचं.” मग गिटारवर टिचकी मारून म्हणाला, “अन् ही कोरी बाजू बहिरी आहे बरं का. तिले फक्त तार समजते. शेजारी बँड वाजवा, नाई तं हिंमतरावभाऊले घोरू द्या. तिले पत्ता लागणार नाई.”

हिंमतराव म्हणजे आत्यांचे यजमान. ते त्या दिवशी देऊळगावला गेले होते.

घुमणारी जागा शेषरावनं शोधली होती.

अंगणातलं जुनं पेव.

जमिनीत खोल खणलेलं, आत पोटाला फुगलेलं, वर गळ्याला निमुळतं. पूर्वी त्यात ज्वारी भरत. कित्येक वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं.

का, ते आत्यांना अर्धंमुर्धं माहीत होतं. त्या या घरात यायच्या आधी गोजरबाई नावाची एक कामकरीण त्या पेवात उतरली होती, तळ झाडायला. वर हाक देणारं माणूस कशाला तरी उठून घरात गेलं. परत येऊन हाक दिली, तर खालून हाव आलं नाही.

वर हाक देत कोण होतं, ते कुणी सांगत नसे. चौकशी नको म्हणून गावातल्या गावात सगळं उरकलं. तिच्या माहेरी निरोपसुद्धा गेला नाही. त्यानंतर ते नाव त्या घरात कुणी घेतलं नाही.

आत्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, “भाऊजी, दुसरी जागा पाहा. ते पेव चांगलं नाई.”

शेषराव हसला. “असंल कोणी आत तं ताल धरंल, वहिनी. मले तबलजी पाह्यजेच आहे.”

गुरुवारी सकाळी त्यानं दगडी झाकण काढून ठेवलं. संध्याकाळी बांबूची शिडी सोडून आत उतरला. भोंगा दोरानं खाली घेतला, माईक टांगला. तळाला जुन्या ज्वारीचा भुसा होता. पाय पडला की खसखस व्हायची, माईकमध्ये यायची. म्हणून त्यानं त्या भुशावर दोन घागरी पाणी मारलं. वर आल्यावर झाकण लावलं, आणि बाहेरची गाडी-बैलं, चिमण्या आत ऐकू जाऊ नयेत म्हणून ओलं पोतं आणि चिखल घालून चारी बाजू लिंपून टाकल्या.

जाणत्या माणसानं पेवात पाणी घातलं नसतं; ओला भुसा कुजला की आतली हवा मारते. आणि घालून तोंड तर नक्कीच लिंपलं नसतं. पण घरातली जाणती माणसं गेलेली होती.

शुक्रवारी दुपारी पिठाची गिरणी बंद झाली. गिरणी चालू असली की वीज खालीवर व्हायची, म्हणून तीच वेळ धरली होती. बद्रुद्दीननं सगळं जुळवून दिलं आणि सायकल काढली. जुम्म्याची नमाज होती.

“मी आलोच,” म्हणाला. “भाभी, ही चकती फिरून राह्यली तवरिक कशालेच हात लावू नका.”

ओट्यावर आत्या आणि शेषराव, दोघंच उरले.

शेषरावनं हेडफोन आत्यांच्या कानांवर चढवले. डाव्या कानात कोरी बाजू, उजव्या कानात पेव. खरखर आली तर हात वर करायचा, एवढंच त्यांचं काम. शुक्रवारचा उपवास होता. आत्या भिंतीला टेकून बसल्या.

शेषराव वाजवू लागला.

डाव्या कानात तार अगदी जवळ, सुकी, नखानं टोचावी तशी. उजव्या कानात तीच तार खोलातून, ओली होऊन येत होती. आत्यांना ते फार आवडलं. गाभाऱ्यात घंटा वाजल्यासारखं वाटलं, म्हणाल्या.

पहिली ओळ संपली. शेषराव थांबला. डावा कान शांत झाला.

उजव्या कानात घुमारा विरत गेला… विरत गेला…

आणि मग कुणीतरी श्वास घेतला.

आत्यांनी शेषरावकडे पाहिलं. तो कांडी पुसत होता. त्यांना वाटलं, आपलाच श्वास असेल.

त्यानं दुसरी ओळ वाजवली. थांबला.

डावा कान शांत.

उजव्या कानात… अगदी हळू…

“हाव.”

आत्यांचा हात वर गेला.

शेषरावनं हेडफोन आपल्या कानाला लावून पाहिले. काही नाही. नुसती गुणगुण. तो म्हणाला, उपाशी पोटी असं होते वहिनी, साबुदाणा खाऊन घ्या. आणि हेडफोन परत त्यांच्या कानांवर ठेवले.

तिसरी ओळ. थांबला.

“हाव.”

हाक आल्यावर द्यावं, तसं. थकलेलं. पण लगेच दिलेलं.

आत्यांच्या लक्षात आलं. खाली भोंगा वाजत होता. इतक्या वर्षांनी वरून पेवात आवाज जात होता. आणि आत जे कोणी होतं, त्याला ती हाक वाटत होती.

“भाऊजी, बंद करा हे,” त्या म्हणाल्या.

शेषराव डोळे मिटून वाजवत होता. आणि वाजवता वाजवताच…

उजवा कान मेला.

डाव्या कानात गिटार चालूच. उजव्या कानात काही नाही. गुणगुणसुद्धा नाही. कुणी माईकवर तळहात दाबून धरावा तसं.

त्यांचा चेहरा पाहून शेषराव थांबला. त्यानं पुन्हा कानाला लावून पाहिलं. या खेपेला त्याला गुणगुणसुद्धा ऐकू आली नाही. वायर निघाली असंल, म्हणाला. टेप बद्रुद्दीनच्या हातची, ती थांबवायची नव्हती. शेषराव अंगणात गेला, पहारीनं चिखल फोडला, झाकण सरकवलं.

आत्या ओरडल्या, “उतरू नका. बद्रुद्दीन येऊ द्या.”

“खाली-वर करायले किती वेळ लागते? तुम्ही कानाले लावून बसा. आवाज आला की सांगा.”

आणि तो शिडीवरून आत गेला.

आता आत्यांची अडचण ऐका.

सासूबाईंचं सांगणं होतं, पेवाच्या तोंडावरून हलायचं नाही. आणि हेडफोनची वायर ओट्याच्या कडेपर्यंतच पोचत होती. पेव अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. तोंडाशी जावं तर कानातलं सोडावं लागे. कानातलं धरावं तर तोंड सुटे.

उजव्या कानात एकदम खसखस झाली. ओल्या भुशात पाय. मग शेषरावचा आवाज, मोठा, घुमणारा.

“येते का ऐकू, वहिनी?”

आत्या तिथूनच ओरडल्या, “येते. वर या आता.”

“येतो… जरा… इथं वास…”

मग काहीतरी जड भुशात बसलं.

“भाऊजी!”

उत्तर लगेच आलं.

“हाव.”

शेषरावचा आवाज नव्हता तो.

आत्यांनी हेडफोन टाकले आणि धावल्या. पेवाच्या तोंडाशी गुडघ्यावर पडून आत पाहिलं. काळोख. कुजका, गोडूस वास तोंडावर आला. डोकं गरगरलं. त्यांनी हाका मारल्या. शेषराव. भाऊजी. शेषा.

खालून काहीच नाही.

शेजारी-पाजारी हाक दिली. सारं गाव दारं लावून झोपलेलं. एखादं माणूस उठायचं, पायात घालायचं, यायचं, तोवर खाली काय उरलं असतं? आणि स्वतः उतरावं तर वर कोण?

त्या परत ओट्यावर धावल्या. हेडफोन उचलले.

उजव्या कानात… शांतपणे…

“हाव जी. हाव. हाव.”

त्यांनी मारलेल्या हाकांना एकेक उत्तर.

पेवाच्या तोंडाशी जे ऐकू येत नव्हतं, ते वायरीतून येत होतं. बोलायचं तर पेवापाशी, ऐकायचं तर ओट्यावर. आत्या त्या दोन जागांमध्ये सापडल्या. वैशाखाच्या उन्हात, अनवाणी, त्या अंगणातून जात-येत राहिल्या.

पेवापाशी जाऊन म्हणाल्या, “कोण आहे?”

ओट्यावर येऊन ऐकलं.

“गोजरा आहो जी.”

पेवापाशी. “गोजरबाई, त्याला सोड. तुझ्या पाया पडते. एकच लेकरू आहे माझं.”

ओट्यावर.

“मी नाई धरलं जी त्याले. तो झोपून राह्यला.” मग थोडं थांबून, “अशीच झोप येते.”



तोच आवाज पुन्हा आला. रागाचा नव्हता, रडका नव्हता. कामावरून घरी सोडता का, असं विचारावं तसा.

“मले माह्या गावाले पोचवता का जी? रोहिनखेडले. मायले माहीतच नाई, मी कुठी आहो ते.”

पेवाच्या तोंडाशी जाऊन आत्यांनी पदर पसरला.

“पोचवीन. मी स्वतः पोचवीन. माझ्या देवाची आण. याला वर दे.”

या वेळी त्यांना ओट्यावर जावं लागलं नाही.

भोंगा सोडलेला दोर तोंडाशी खुंटीला बांधलेला होता. सैल पडलेला. आत्यांच्या डोळ्यांदेखत…

तो ताठ झाला.

त्या ओढू लागल्या. भरल्या अंगाचा बावीस-तेवीस वर्षांचा गडी. कडब्याच्या पेंढीसारखा हलका वर आला, म्हणाल्या. कुणी खालून उचलून धरल्यासारखा. खांदे पेवाच्या काठावर आले आणि एकाएकी सगळं वजन दोराला आलं. त्याच वेळी फाटकात सायकल आदळली आणि बद्रुद्दीननं धावत येऊन त्याला बाहेर ओढलं.

शेषराव निळा पडला होता. बद्रुद्दीननं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. शेवटी एकदाचा त्यानं घरघरत श्वास घेतला.

ओट्यावर टेपची चकती संपून फीत फटफट आपटत होती.

दोर शेषरावच्या काखेतून आवळला होता. बद्रुद्दीन गाठ सोडायला गेला आणि थबकला. दुहेरी फेरा, मधून पीळ, टोक आत खोचलेलं. पेवातून ज्वारीची टोपली वर पाठवताना आतली बाई मारायची तशी. ती गाठ आता कुणी मारत नव्हतं. शेषरावला तर बैलाचीसुद्धा नीट यायची नाही.

“हे कोणं बांधलं, भाभी?”



शेषराव जगला. पण सुटला नाही.

देऊळगावच्या डॉक्टरांनी छाती तपासली. स्वच्छ आहे म्हणाले. तरी त्याला श्वास पुरेना. घरात पुरेना म्हणून बाज अंगणात टाकली. वर उघडं आभाळ, चांदण्या, वाऱ्याची झुळूक. आणि शेषराव त्या आभाळाकडे पाहून घोगऱ्या आवाजात म्हणायचा,

“वहिनी… झाकण काढा.”

रोज एवढंच. जेवण तुटलं. गिटारकडे त्यानं पाहिलं नाही. रोज थोडा थोडा आत जात होता.

आत्यांनी हिंमतरावांना सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, मला रोहिणखेडला जायचं आहे.

 हिंमतराव म्हणाले, “मेलेल्या बाईले कोणी पोचवते का? अन् तिथं जाऊन काय सांगसीन? आपल्या घरी मेली अन् आपण कळवलं नाई, हे आपल्याच तोंडानं सांगसीन? माह्या आई-बापाचं नाव आहे त्याच्यात.”

आत्यांनी नवऱ्याचा शब्द कधी ओलांडला नव्हता. त्या गेल्या नाहीत. पहाटे तुळशीला पाणी घालत, दिवा लावत, पोथी उघडत. पण अध्यायातलं एक अक्षर मनात उतरत नव्हतं, म्हणाल्या. देवापुढं बसायचं आणि देवाचीच आण मोडलेली.

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, बद्रुद्दीन टेप घेऊन आला. नेहमीसारखा बोलेना. हिंमतराव ओट्यावर होते. त्यांनाही बसा म्हणाला.

“मी दुकानात ऐकलं,” म्हणाला. “मले समजून नाई राह्यलं. तुम्ही ऐका.”

आधी त्यानं पेवाची बाजू लावली.

घुमारलेली गिटार. मग शेषरावचे पाय. त्याचं बोलणं. जड काहीतरी बसल्याचा आवाज. मग लांबून, वरून, आत्यांच्या हाका. त्यांचं विचारणं. त्यांचं विनवणं.

आणि प्रत्येकानंतर नुसती शांतता.

एकही हाव नाही. रोहिणखेड नाही. काहीच नाही.

हिंमतरावांनी सुस्कारा सोडला. “पाहा. भास झाला तुले.”

“अजून दुसरी बाजू आहे, भाऊ,” बद्रुद्दीन म्हणाला.

त्यानं कोरी बाजू लावली.

सुकी, जवळची गिटार. मग गिटार खाली ठेवल्याची टकटक. त्यानंतर तिथं काही असायला नको होतं. ती तार बहिरी. तिला माणूस ऐकूच येत नाही. चकती फिरत राहिली. बराच वेळ काही नव्हतं.

मग…

“हाव.”

घुमारा नाही. खोल नाही. ओट्यावर, शेजारी बसून म्हणावं तसं.

आणि फीत संपायच्या अगदी आधी, तितकंच जवळून…

“आली जी मी वर.”

बद्रुद्दीननं बटण दाबलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. घरात दिवा लागला होता. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्या दाराकडे पाहायला, आत्या म्हणाल्या, तिघांपैकी कुणाची मान वळेना.

अंगणातून शेषरावचा आवाज आला. “झाकण काढा…”

एवढं सांगून आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. बहिऱ्या तारेला ते कसं ऐकू गेलं, मी पुष्कळांना विचारलं. रेडिओवाल्यांना, शिकलेल्यांना. कुणी म्हणतं वायर वायरीला लागली असेल. मग पेवाच्या बाजूला का नाही आलं, याचं उत्तर कुणी देत नाही. हे लिहितानाही घरात कुणाला हाक मारायची मला भीती वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी आत्या अंधारातच उठल्या. तुळशीला पाणी घातलं. दिवा लावला. अध्याय वाचला, सगळा, घाई न करता. पेटीतून नवं हिरवं लुगडं काढलं. त्यावर खण, नारळ, हिरव्या बांगड्या ठेवून गाठोडं बांधलं. वाटेसाठी चार भाकरी घेतल्या. देऊळगावहून पहिल्या मोटारीनं बुलढाणा, तिथून मोताळ्याकडची गाडी. बद्रुद्दीन फाटकाबाहेर सायकल धरून उभा होता, नाक्यापर्यंत सोडायला.

त्या शेषरावच्या बाजेपाशी थांबल्या. त्याच्या कपाळावर अंगारा लावला. तो आभाळाकडे पाहत होता, ओठ हलत होते.

हिंमतराव दारात होते. त्यांनी वाट अडवली नाही. नुसते बाजूला सरकले, आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

आत्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या. मागं वळल्या. दाराची फळी हातानं धरली. एका माणसाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ, तशीच उघडी धरून ठेवली.

मग ती सोडली, गाठोडं काखेला घेतलं, आणि वाटेला लागल्या.